पूर्ण बाह्यांचा शर्ट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्या माणसाचे आहेत, त्याचं नाव सुपडू. तो माझा सख्खा थोरला भाऊ. साक्रीच्या आठवडे बाजारात आणि आसपासच्या जत्रांमध्ये तो लोकांच्या हातांवर गोंदायचा, आणि त्याचं स्वतःचं अंगही पायाच्या घोट्यापासून गळ्यापर्यंत गोंदलेलं होतं.

ही तीन वाक्यं लिहायला, भाऊ, मला चाळिशी गाठावी लागली. तू असताना मी ती कुठे लिहिली नाहीत की चारचौघांत म्हटली नाहीत. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात दरवर्षी माझा एक लेख असतो. या वर्षी अंक पाहणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, भावाबद्दल लिहा ना." मला भाऊ होता हे त्यांना तुझ्या दशक्रियेच्या रजेच्या अर्जावरून कळलं. बारा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसतो.

तर लिहितो. जे समोर बसून सांगायला हवं होतं ते लिहितो.

बाजारात तुझी जागा भांड्यांच्या दुकानाशेजारी. खाली गोणपाट, वर काळी छत्री, बाजूला मोटारसायकलची बॅटरी आणि तिला जोडलेलं ते मशीन, जे टेपरेकॉर्डरच्या मोटारीपासून बनवलेलं होतं. बाकीचे गोंदणारे काचेच्या फळीवर नमुने रंगवून ठेवायचे. तुझ्याकडे फळी नव्हती. तू बाही वर करायचास. गिऱ्हाईक तुझ्या हातावर बोट ठेवायचं, "हाऊ मोर," नाहीतर "हाऊ इच्चू," आणि तू तोच मोर, तोच विंचू त्याच्या हातावर उतरवायचास. नवा नमुना आला की तो आधी तुझ्या अंगावर व्हायचा. सुई नवी, शाई नवी, तरी आधी तूच. मी एकदा विचारलं, कागदावर का नाही करून बघत? तू म्हणालास, "कागदले दुखस का? पहिले आपला आंगवर, मंग लोकेसना."

तुझा डावा हात सगळ्यांत सुंदर होता, कारण तो उजव्या हाताने गोंदलेला होता. उजवा जरा वेडावाकडा. छातीवरचा मारुती समोरच्याला उलटा दिसायचा, कारण तो तू मान खाली घालून, आपला आपण काढला होतास. लोक हसायचे. "सुपडू, तुना मारुती डोकावर उभा शे!" तू म्हणायचास, "माले तर सीधा दिखस." भांडीवाला तुला रोज एकच टोमणा मारायचा, "आते तुना आंगवर माशी बठाले जागा नही." तू म्हणायचास, "पाठ बाकी शे ना. तू येस का गोंदाले?"

मी तिसरीत होतो तेव्हाची गोष्ट. लोकांना आता मोर आणि विंचू पुरत नव्हते, नावं हवी होती. नवऱ्याचं, लेकराचं, देवाचं. तू शाळा दुसरीत सोडलेली. आबा गेले तेव्हा मी रांगत होतो आणि तू घरचा कर्ता झाला होतास, शाळेचा विषयच नव्हता. तू माझी वही पुढे ओढलीस आणि म्हणालास, "बठ्ठी अक्षरं मोठ्ठाली लिखी दे. चांगली लिख, मिटाडता येत नही."

मी ओसरीवर पालथा पडून दोन संध्याकाळी लिहीत होतो. अक्षराबद्दल शाळेत मला शाबासकी मिळायची, फक्त 'श'ची शेपटी मी लांब ओढायचो, त्याबद्दल गुरुजी ओरडायचे. तू ती अक्षरं मांडीवर उतरवलीस. क पासून ज्ञ पर्यंत, चार ओळींत, डाव्या मांडीवर. माय रडकुंडीला आली, "आरे, मांडी शे का पाटी?" मांडी सुजली होती. पण त्यानंतर तू कुणाचंही नाव गोंदू शकायचास. चिठ्ठीवर नाव असलं की एकेक अक्षर मांडीवरच्या अक्षराशी ताडून बघायचास. तसं करत करत तुला वाचताही यायला लागलं. छापलेलं वर्तमानपत्र तुला जड जायचं. माझं अक्षर मात्र सरसर वाचायचास.

माझं अक्षर तुला सरसर वाचता यायचं, हे पुढे लागणार आहे म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्याच वर्षी जत्रेत मी तुझ्यापुढे हात धरला. मला विंचू हवा होता, तुझ्या मनगटावर होता तसाच. मी हट्ट केला, लोळण घेतली. तू बॉलपेन काढलंस आणि माझ्या मनगटावर विंचू काढून दिलास. दुसऱ्या दिवशी आंघोळीत गेला. मी परत आलो, तू परत पेनाने काढलास. मी म्हणालो, खरा काढ. तू माझं मनगट हातात धरलंस. म्हणालास, "तुले नही भो. तुना हात कोरा ऱ्हाऊ दे. उद्या सायेबना खुर्चीवर बठशी, तव्हय लोके हात देखतीन."

माझे हात कोरे राहिले, भाऊ. ते तू ठेवलेस म्हणून राहिले. पुढची पंचवीस वर्षं मी मात्र असा वागलो, की ती माझीच करामत होती.

पहिल्यांदा लाज केव्हा वाटली, तेही मला नीट आठवतं. धुळ्याच्या होस्टेलवर तू भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याचे पापड घेऊन आला होतास. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खोलीतली मुलं तुझ्याभोवती जमली. "भाऊ, हे काय? भाऊ, ते काय?" तू एकेकाला सांगत होतास, पोरं खूश होती. तू गेल्यावर माझ्या शेजारच्या कॉटवरचा मुलगा चटणी खाता खाता सहज म्हणाला, "तुझा भाऊ जेलमध्ये होता का रे?" वाईट हेतू नव्हता त्याचा. मी हसलो आणि म्हणालो, "नाही रे, अडाणी आहे." त्या मुलाचं म्हणणं खोडायला माझ्याकडे तेवढं एकच उत्तर होतं. शब्द तोंडातून गेला होता. तो शब्द वापरला की पुढचे प्रश्न थांबतात, हे मला तिथे कळलं.

मी शिकत गेलो तसं माझं मत पक्कं होत गेलं. अंग चितारून घेणं म्हणजे मागासपणा. बायकांना लहानपणी धरून टोचतात, त्यांना कुणी विचारत नाही. सुईने रोग पसरतात. हे सगळं मी तुला ऐकवायचो. यातलं काही खोटं नव्हतं. तूही सुया उकळून घ्यायचास आणि रडणाऱ्या लहान मुलीला परत पाठवायचास, "मोठी व्हय, मंग ये." माझ्याशी तू वाद घालायचा नाहीस. धुळ्याचे रफिकचाचा, जे तुझं मशीन दुरुस्त करायचे, ते माझ्यापेक्षा सरळ बोलायचे. एकदा मी दुकानात होतो. मशीन उघडत ते म्हणाले, "सुपडू, हे जे तू करतो ना, आमच्यात मना आहे. अल्लाने दिलेल्या अंगावर रेघ नाही मारायची." तू म्हणालास, "मंग दुरुस्त काबरं करतस चाचा?" चाचा म्हणाले, "गुनाह असेल तर तुझा. मशीनने काय केलं बिचाऱ्याने?" आणि दोघं खदाखदा हसलात. तीस वर्षं तुमचा हाच वाद आणि हाच चहा. मला तसं भांडता आलं नाही. मी मनातल्या मनात निकाल दिला होता आणि तुला फक्त शिक्षा सांगत होतो.

नोकरी जळगावला लागली. लग्न ठरलं. मनीषाचे वडील दीपनगरच्या वसाहतीत, वीजकेंद्रात नोकरीला. टापटीप क्वार्टर, दारात गुलाब, बोलणं सावकाश. आबांच्या जागी तू उभा राहणार होतास. लग्न भुसावळच्या हॉलमध्ये, ऐन मे महिन्यात. मी तुला पत्रिका पाठवली आणि तिच्यासोबत एक पत्र. फोन तुझ्याकडे होता, माझ्याकडेही होता. पण ते बोलायला माझं तोंड उचलेना, म्हणून लिहिलं. त्या पत्राबद्दल शेवटी बोलतो.

तू लग्नाला आलास तो पांढऱ्या, पूर्ण बाह्यांच्या शर्टात. मनगटाची बटणं बंद, गळ्याचंही बटण बंद. भुसावळचा मे! हॉलमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. तुझा शर्ट पाठीला चिकटला होता. माझे एक चुलत सासरे तुला म्हणाले, "अहो भाऊ, बाह्या तरी दुमडा." तू म्हणालास, "सवय शे माले." सवय! जन्मभर बाह्या वर करून बसलेल्या माणसाला.

व्याहीभेटीच्या वेळी तू माझ्या सासऱ्यांना मिठी मारलीस तेव्हा उजवी बाही वर सरकली आणि मनगटावरचा विंचू बाहेर आला. तू मिठीतून सुटायच्या आधी डाव्या हाताने बाही खाली ओढलीस. मी पाहिलं. मी पाहतोय, हे तू पाहिलंस. आणि तू नजरेने माझी माफी मागितलीस, भाऊ. त्या दिवसापासून ते मी विसरलेलो नाही.

पुढे वर्षभराने जेवताना सासरे म्हणाले, "तुमच्या भावाच्या हातावरचा विंचू काय झकास होता हो. मी लहानपणी हट्ट केला होता तसल्या विंचवासाठी, आईने मारलं."

मनीषाला हे काही माहीत नव्हतं. तू जळगावला आलास की पूर्ण बाह्याच घालायचास, तिला वाटायचं तुझी तीच पद्धत. पण गावाकडे तिने तुला बाजारात पाहिलं आणि ती तुझ्यापुढे जाऊन बसलीच. "भाऊ, मला मनगटावर एक बारीकसा मोर." तू म्हणालास, "सरले इचारा." ती म्हणाली, "हात माझा आहे." तू माझ्याकडे बघितलंस. मी अडवलं नाही, पण घरी आल्यावर दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ती म्हणायची हे दागिन्यासारखं आहे, मी म्हणायचो हा दागिना उतरवता येत नाही. ती म्हणायची, "मग कितीतरी बरं!" आमच्या घरात तुझ्या हातचं तेवढं एकच काम आहे. चहाचा कप पुढे करते तेव्हा ते दिसतं.

आता कॉलेजचं सांगतो.

तुषार माझा जुना विद्यार्थी. कॉलेजच्या रस्त्यावर त्याने टॅटूचं दुकान टाकलं आहे, एसी, काचेचं दार; त्याचे स्वतःचेही दोन्ही दंड टॅटूंनी भरलेले. तो जत्रांमध्ये फिरून जुनं गोंदण बघायचा आणि तिथे त्याला तू सापडलास. तुझ्या मागे दोन वर्षं फिरला. स्नेहसंमेलनात लोककलेचं दालन होतं, तिथे त्याने तुला आणलं. त्याला माहीत नव्हतं तू माझा कोण ते. तू त्याला सांगितलं नव्हतंस. आणि तू का आलास, हे मला आता कळतं. मी जिथे शिकवतो ते कॉलेज तू कधी आतून पाहिलं नव्हतंस. मी कधी बोलावलं नव्हतं.

मी दालनात शिरलो तर तू टेबलामागे उभा. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्या, बटणं बंद. प्राचार्य मला म्हणाले, "सर, तुम्ही साक्रीकडचे ना? ओळखता का यांना?"

चार शब्द होते, भाऊ. हाऊ मना भाऊ शे. मराठीत म्हटलं असतं तरी तेवढेच.

मी म्हणालो, "आमच्या भागातले दिसतात. बाजारात पाहिलं असेल."

तू हात जोडलेस. "नमस्कार सर. सर मोठा मानूस शेतस. मी आपला बजारना मानूस." आवाजात थोडाही राग नव्हता. तू मला सांभाळून घेतलंस, जत्रेत गर्दीत हात धरायचास तसं.

मग तुषार तुला म्हणाला, "नाना, हात दाखवा ना सगळ्यांना." तू बटणाला हात लावलास आणि थांबलास. माझ्याकडे पाहिलंस. बाकी सगळ्यांना वाटलं लाजतोय. तू माझी परवानगी मागत होतास. मी मान वळवली. तेव्हा तू बाह्या वर केल्यास.

लोक जमले. चित्रकलेचे सर चष्मा काढून वाकले, "रेषा बघा. कुठे उचललेली नाही." रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "बाई गं, एवढं चांगलं अंग, त्याचं वर्तमानपत्र केलं." मुलं मोबाईल काढून उभी. कुणीतरी तुला विचारलं, "तुम्ही याला कला म्हणता की धंदा?" तू जरा विचार केलास. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणालास, "रेघ वाकडी आली तर मानूस मरेपर्यंत शिव्या देतो. सीधी आली तर कोनी नाव घेत नाही. आता तुम्हीच ठरवा."

सगळे हसले. मग प्राचार्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, भागातला म्हणून. मी नाही म्हणायला हवं होतं. मी बोललो. चांगलं दहा मिनिटं बोललो. म्हणालो, "हौस, परंपरा, कौशल्य, सगळं मान्य. पण ही कला नव्हे. कलाकृती कलावंताच्या मागे उरते. ही माणसाबरोबर चितेवर जाते. जे उरत नाही त्याला कला कसं म्हणायचं?" तुषार मधेच म्हणाला, "सर, मग नाच? मग गाणं?" मी त्याला हाताने बसवलं. टाळ्या झाल्या. तूही वाजवल्यास. बाह्या वर असलेल्या त्या दोन हातांनी.

चार दिवसांनी तुझा फोन आला. कॉलेजचं काहीच झालं नाही असं बोललास. पाऊसपाणी, मायचं औषध. शेवटी म्हणालास, "भाशन झकास व्हयनं तुनं. पन एक गोष्टमा तू चुकना."

मी विचारलं, कोणत्या?

"फोनवर नही. समोर बठीसन सांगसू."

त्यानंतर आपण तीनदा भेटलो. मी विचारलं नाही. मला भीती होती की ती एक गोष्ट म्हणजे मी तुला ओळख दिली नाही, हीच असेल. तूही काढली नाहीस. मग एका सकाळी वहिनींचा फोन आला.

तुला अंगणात पाटावर बसवून आंघोळ घातली. पाणी घालायचा मान धाकट्या भावाचा. तुझं सगळं अंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डावा हात, उलटा मारुती, पिंडऱ्यांवरच्या वेली, मांडीवरच्या चार ओळी. माझा तिसरीतला 'श', लांब शेपटीचा. त्यावरून पाणी ओघळलं. मग पाठीवर पाणी घालायला मागे गेलो. पाठ कोरी होती. पूर्ण कोरी, धुतलेल्या पाटीसारखी. जिथे तुझा स्वतःचा हात पोचत नव्हता, तिथे तू कुणालाही सुई लावू दिली नव्हतीस. ती भांडीवाल्याशी केलेली थट्टा खरी होती, आणि मी इतकी वर्षं ती नुसती थट्टा समजत होतो.

तेवढ्यात तुषार आला. जळगावहून मोटारसायकल हाणत आला होता, डोळे लाल. गळ्यात कॅमेरा. मला पाणी घालताना पाहून मी तुझा कोण ते त्याला तिथे कळलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, वाईट मानू नका. दहा मिनिटं द्या. हे परत कधी दिसणार नाही. हा माणूस म्हणजे अख्खा संग्रह आहे." रफिकचाचा मागे उभे होते. त्यांनी ऐकलं. "पोरा, मय्यतीला उघडं नाही ठेवत. तो जाऊ दे इज्जतीने." तुषार म्हणाला, "चाचा, यात बेइज्जती कुठे आहे? त्यांनी आयुष्यभर उघडंच दाखवलं ना?" भाऊबंद कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं काढू द्या, कुणी म्हणालं पोराला हाकला. शेवटी सगळे वहिनींकडे बघायला लागले. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही शिकेल शेतस. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "झाका."

पांढरं कापड टाकलं. तुषार मुकाट्याने बाजूला झाला आणि खांदा द्यायला उभा राहिला.

भाऊ, तो शब्द कुठून आला, ते मला अजून ठरवता येत नाही. वाटतं, तुझा मान राखला. आणि लगेच वाटतं, नाही, ही तीच जुनी लाज, फक्त या वेळी शोकाचे कपडे घालून आली. फोटो काढू दिला असता तर मी तुला विकलं असं वाटलं असतं. दिला नाही तर तुला पुन्हा लपवलं असं वाटतं. हे वेगळं करून दाखवील असा एकच माणूस होता, तू.

मग दारावर माणसं यायला लागली. साक्रीच्या बाजाराची, डोंगराकडच्या पाड्यांवरची, जत्रेतली. माझ्या ओळखीची एकही नाही. आपल्याकडे दारावर आलेला माणूस फार बोलत नाही, बसतो, पाणी पितो, उठतो. हे लोक बसायचे आणि बोलण्याऐवजी बाही वर करायचे. एका म्हाताऱ्याच्या हातावर बैलजोडी. एका बाईच्या कोपराखाली तिच्या गेलेल्या लेकराचं नाव. एक म्हातारी काठी टेकत आली, तिने मनगट माझ्यापुढे धरलं. "हाई सुपडूनी गोंदेल शे. मालक गयात, नाव ऱ्हायनं." नाव होतं शंकर. 'श'ची शेपटी लांब होती. गुरुजी ज्यासाठी ओरडायचे तितकी लांब.

मी त्या शेपटीवरून बोट फिरवलं. ती म्हणाली, "तुले बी काढेल शे का रे भो?"

मी माझे हात दाखवले. कोरे. ती म्हणाली, "भाऊ व्हता ना तुना? मंग तुले काबरं नही काढं?" मी सांगितलं, त्याला मला शिकवायचं होतं. तिने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

जे उरत नाही त्याला कला कसं म्हणायचं, असं मी टाळ्या घेत म्हणालो होतो. कदाचित तू त्याच गोष्टीत मला चूक म्हणालास. तुझ्या अंगावरचं गेलं, ते तर नुसते नमुने होते. काम बाजारात फिरतंय, निंदणी करतंय, लेकरं उचलतंय. आणि त्या कामात तू माझंही अक्षर घातलं होतंस, पण त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. किंवा तुला दुसरंच काही सांगायचं असेल, ते सरळ, चार शब्दांचं. मला आता कळायचा मार्ग नाही. मी या दोन्ही गोष्टींत चुकलो, एवढं लिहून ठेवतो.

तुझा सुयांचा पत्र्याचा डबा वहिनींनी मला दिला. आत सुया, शाईची बाटली, माझ्या तिसरीच्या वहीतलं ते पान चौघडी घालून, आणि त्याच्याच घडीत माझं पत्र. घड्यांवर झिजलेलं. तू ते बऱ्याचदा उघडलं असणार. मनीषाने ते अजून वाचलेलं नाही, तीही इथेच वाचेल. मी त्यातला एक शब्द बदललेला नाही.

*

जळगाव

ती. भाऊस,
प्रकाशचा साष्टांग नमस्कार.

सोबत पत्रिका पाठवत आहे. देवापुढे पहिली ठेवली आणि दुसरी तुझी. माझं शिक्षण, नोकरी आणि आजचा हा दिवस, सगळं तुझ्यामुळे आहे, हे मी कधी विसरणार नाही. आबांच्या जागी तू उभा राहशील याचा मला फार आनंद आहे.

मायला प्रवासाचा त्रास होईल, तिला खिडकीजवळ बसव. वहिनींना म्हणावं, मनीषा त्यांची फार चौकशी करते.

एक विनंती आहे. रागावू नकोस. मनीषाच्या घरची माणसं शिकलेली आणि चांगल्या राहणीची आहेत. त्यांचे पाहुणेही तसेच असतील. तेव्हा लग्नाला येताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. गळ्याचं बटणही लाव. ऊन असेल, पण एकाच दिवसाचा प्रश्न आहे. हात झाकलेले असले म्हणजे कुणी काही विचारणार नाही, आणि मलाही काही सांगावं लागणार नाही. तू काय करतोस असं कुणी विचारलंच, तर शेती करतो म्हण.

तू समजून घेशील. तू मला नेहमीच समजून घेतलंस.

पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. वाचून झालं की फाडून टाक.

तुझा,
प्रकाश